कावडीचा खांदा

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊकच आहे. एखादा शब्द कानाला खटकला, की तो कुठून आला, कुणाच्या घरी राहतो आणि पोटापाण्यासाठी काय करतो, याची चौकशी केल्यावाचून मला चैन पडत नाही. यंदा असाच एक परदेशी पाहुणा वरचेवर कानावर येऊ लागला. बँकेत ऐकला, महाविद्यालयाच्या कचेरीत ऐकला, आणि शेवटी आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेतही ऐकला. शब्द होता 'लोड बॅलन्सिंग'. सभेत तो उच्चारला गेला तेव्हा निम्म्या सभासदांना वाटले की, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा भार इमारतीला पेलेनासा झाला आहे!

कोशकारांना विचारले तर ते 'भारसंतुलन' असा प्रतिशब्द देतील. शब्द निर्दोष आहे. परंतु तो वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मला विचाराल तर या कल्पनेला आपल्याकडे केव्हापासूनच एक नाव आहे, आणि ते म्हणजे कावड. काशीची गंगा खांद्यावरून आणणाऱ्या आणि वाटेत तहानलेल्या गाढवाला ती पाजणाऱ्या एकनाथांची कावड आपण लहानपणीच ऐकलेली असते. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटातून वर चढणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तर अधिक सांगायलाच नको. एक आडवा दांडा, दोन टोकांना दोन भार, आणि मधे माणसाचा खांदा. लोड बॅलन्सिंगचे सारे शास्त्र या तीन गोष्टींत आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता हा भार कसला आणि दांडा कुठला, ते पाहू.

२०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा, वडिलांची कचेरी आणि आजोबांचा डॉक्टर अशी तिन्ही स्थळे एकाच घरात नांदायला आली. तेव्हा बऱ्याच मध्यमवर्गीय घरांनी इंटरनेटची दुसरी जोडणी घेतली. एक फायबरची तार, आणि ती रुसली तर दुसऱ्या कंपनीची तार किंवा मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी डबी. महाविद्यालये, दवाखाने, छोट्या कचेऱ्या यांनी तर आधीपासूनच दोन-दोन जोडण्या बाळगल्या होत्या. मौज अशी की, पुष्कळ ठिकाणी ही दुसरी जोडणी कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखी ठेवलेली असते. दरमहा पैसे भरायचे, पण वापरायची मात्र पाहुणे आल्यावर. आणि पाहुणे आले की कळते, दोन कपांचे कान केव्हाच तुटलेले आहेत! पडून राहिलेली तार मेली तर कुणाला पत्ता लागत नाही. ज्या दिवशी तिची गरज पडते त्याच दिवशी तिच्या निधनाची वार्ता घरात पोचते.

म्हणून शहाण्यांनी असे ठरवले की, दोन्ही तारा रोज कामाला लावाव्यात. हे काम करते राउटर नावाची पेटी. घरातले सगळे फोन आणि संगणक आपापले निरोप तिच्या हवाली करतात, आणि कोणता निरोप कोणत्या तारेने बाहेर पाठवायचा हे ती ठरवते. कावडीचा खांदा तो हाच.

येथे 'बाहेर' या शब्दावर जरा थांबले पाहिजे. आपल्या दाराशी कोणी कोणत्या रस्त्याने यावे, हे आपल्या हातात फारसे नसते. पाहुण्याजवळ जो पत्ता असेल त्या पत्त्याने तो येणार. पण आपण बाहेर पडताना पुढच्या दाराने पडावे की मागच्या, हे सर्वस्वी आपले आपण ठरवतो. शिवाय आणखी एक गंमत आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते मोजकेच, सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात म्हणून १९९४ मध्ये एक तोडगा पुढे आला. घरातल्या सगळ्या यंत्रांनी घरापुरती टोपणनावे वापरायची आणि बाहेर जाताना राउटरने सर्वांच्या निरोपांवर एकच सार्वजनिक पत्ता लिहायचा. हा पत्ता ज्या कंपनीची तार, त्या कंपनीचा. साहजिकच पहिल्या तारेने गेलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच तारेने परत येते. जाण्याची वाट निवडली की येण्याचीही ठरून जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या बहुतेक भानगडी हिच्यातूनच निघतात.

मुंबईकराला दोन वाटांचे महत्त्व कुणी शिकवण्याची गरज नाही. बोरीबंदरहून १८५३ मध्ये ठाण्याला गाडी गेली खरी, पण सह्याद्री पुढे आडवा उभा होता. तो दोन ठिकाणी चढून जावा लागला. बोरघाटाची वाट १८६३ मध्ये खुली झाली आणि थळघाटाची १८६५ मध्ये. पुण्याकडे जाणारा माल एका घाटाने, नाशिककडे जाणारा दुसऱ्या घाटाने. कुठे जायचे आहे ते पाहून वाट ठरवायची, ही वाटणीची सर्वांत सरळ पद्धत. राउटरलाही असे सांगून ठेवता येते की, मुलांचा वर्ग चालतो त्या ठिकाणी जाणारे सगळे फायबरने जाऊ दे, आणि सिनेमे बघण्याचा सोस आहे तो दुसरीकडून.

परंतु पुष्कळ वेळा निरोप कुठेही जाणारे असतात आणि दोन्ही वाटा सगळीकडे पोचणाऱ्या असतात. मग वाटणी कशी करावी? पहिला विचार असा येतो की, एक इकडे, एक तिकडे. पंगतीत वाढताना जसे उजवीकडे एक, डावीकडे एक, तसे. पण एक तार दोनशे मेगाबिटची आणि दुसरी पन्नासची असेल, तर या समान वाटणीत पन्नासवाली गुदमरते आणि दोनशेवाली जांभया देत बसते. कावडवाला असे करीत नाही. एका बाजूची घागर भरलेली आणि दुसरीकडची अर्धी असेल तर तो दांडा बरोबर मध्यावर खांद्यावर घेत नाही. जड घागरीकडे खांदा सरकवतो. राउटरला आकड्यांत हेच सांगावे लागते की, पहिलीला चार, दुसरीला एक. पाच निरोप आले तर चार इकडे आणि एक तिकडे. या आकड्यांना तंत्रज्ञ 'वजन' म्हणतात. शब्द अगदी आपल्या किराणा दुकानातला आहे.

आता 'निरोप' म्हणजे नेमके किती, हा पुढचा प्रश्न. इंटरनेटवर कोणतीही गोष्ट सबंध जात नाही. तिचे पंधराशे बाइटांपर्यंतचे तुकडे होतात. दिवाळीच्या फराळाचे एक साधे छायाचित्र मावशीला पाठवले तरी त्याचे सातशेच्या आसपास तुकडे होऊन निघतात. एक तुकडा या तारेने आणि पुढचा त्या तारेने पाठवला तर काय होईल? दोन तारांवर पत्ते दोन. पलीकडचा माणूस म्हणेल, माझ्याशी एकजण बोलत होता, हा दुसरा कोण मधेच तोंड घालतो आहे? पत्ता एकच ठेवण्याची सोय असली, तरी एक वाट जलद आणि एक संथ असल्यामुळे तुकडे उलटसुलट क्रमाने पोचतात. मग घेणाऱ्याकडून 'मधला तुकडा मिळाला नाही' अशी तक्रार तीनदा आली की पाठवणारा समजतो, तो वाटेत हरवला. तो पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो. दोन रस्ते असून प्रवास मंदावतो तो असा.

म्हणून नियम असा की, एक संभाषण एकाच वाटेने पुरे करावे. राउटर निरोप कुणाकडून आला आणि कुणाला जायचा आहे, हे दोन पत्ते घेतो, त्यांवर एक ठरावीक गणित करतो आणि उत्तराप्रमाणे तार निवडतो. तेच दोन पत्ते पुन्हा आले की उत्तरही तेच. त्यामुळे त्या जोडीची वाट बदलत नाही. फार आठवण ठेवावी लागत नाही आणि चूक होत नाही.

या नियमाचा एक परिणाम पुष्कळांच्या पचनी पडत नाही. दोनशे आणि पन्नास मिळून अडीचशे, असा हिशेब मांडून गृहस्थ एक मोठा सिनेमा उतरवून घ्यायला बसतात आणि वेग दोनशेच्या वर जात नाही. काही वेळा तर पन्नासच मिळतो. फसवणूक कुणीच केलेली नसते. एक गाडी एका वेळी दोन घाट चढू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडीचशेचा लाभ होतो तो दहा माणसांच्या दहा कामांना मिळून.

दुसरा परिणाम बँकेचा. पैसे भरताना आपण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवले जातो. खरेदीचे दुकान एक, पैसे वळते करणारी खिडकी दुसरी. पलीकडचे पत्ते निराळे म्हणून राउटरचे गणितही निराळे येऊ शकते, आणि अर्धा व्यवहार एका तारेने, अर्धा दुसऱ्या तारेने होतो. बँकेला दिसते की, एकच खातेदार एका मिनिटात दोन घरांतून बोलतो आहे. ती संशयाने दार लावून घेते आणि आपण तिला दोष देत बसतो. उपाय सोपा आहे. अशा कामांसाठी राउटरला सांगावे की, निरोप कुणाकडून आला एवढेच पाहा, कुणाला जायचा आहे ते पाहू नकोस. म्हणजे त्या फोनचे सगळे व्यवहार एकाच तारेने होतात. किंवा बँकेची वाट कायमची एका तारेवर नेमून द्यावी.

इथवर सारा मामला हिशेबाचा झाला. खरी कसोटी लागते ती एक तार मेल्यावर. त्याहून बिकट कसोटी असते तार मेली आहे, पण जिवंत दिसते आहे अशा वेळी.

आमच्या महाविद्यालयात असा एक दिवस येऊन गेला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. ज्यांच्या घरी संगणक नाही अशी मुले सकाळपासून प्रयोगशाळेत तीस यंत्रांपुढे रांगा लावून उभी. त्यांत एक मुलगी होती, कपड्यांच्या दुकानात काम करणारी. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती, आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता. अर्ज गेला नाही तर वर्षाची फी अंगावर. अकराच्या सुमारास यंत्रे अडली. पान उघडेना, चाक नुसते फिरत राहिले. पण सगळी अडली नाहीत. पाच-सहा यंत्रांवर अर्ज सुरळीत जात होते. थोड्याच वेळात मुलांनी आपले शास्त्र बनवले की, खिडकीजवळची यंत्रे नशीबवान आहेत! तिकडे झुंबड उडाली. एका मुलाने तर अडलेल्या यंत्राला नमस्कारही करून पाहिला.

संगणक-विभागातला आमचा तरुण सहकारी मात्र ही नशिबाची वाटणी पाहून विचारात पडला. तिसांपैकी सहा, म्हणजे पाचांत एक. चारास एक या वजनाशी हे तंतोतंत जुळत होते. मोठी तार कुठेतरी पुढे तुटलेली असणार, आणि राउटर अजूनही पाचांतल्या चारांना तिच्याच तोंडी देत असणार. पेटीवरचा दिवा तर हिरवागार होता. कारण त्या पेटीला शिकवून ठेवले होते की, कंपनीच्या पहिल्या ठाण्याला हाक मारत राहा आणि तिथून 'ओ' आली की तार जिवंत समज. पहिले ठाणे इमानाने 'ओ' देत होते. त्याच्या पुढे रस्ताच नव्हता. कल्याणच्या स्टेशनमास्तराने फोन उचलला म्हणजे पुढे घाटात दरड कोसळलेली नाही, असे थोडेच सिद्ध होते?

त्याने सरळ जाऊन मोठी तार हाताने उपटून काढली. क्षणात पेटीला समजले आणि सगळा भार छोट्या तारेवर आला. पत्ता बदलल्यामुळे मुलांना पुन्हा नावनिशी सांगून आत शिरावे लागले, पण पान उघडले. मात्र पन्नास मेगाबिटांत सबंध महाविद्यालय मावणार कसे? कचेरीचे काम, पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांची चित्रे, आणि वरच्या मजल्यावर चाललेली प्राचार्यांची दूरस्थ बैठक. त्याने प्रयोगशाळा सोडून बाकी सर्वांची वाट बंद केली. बैठक मधेच तुटली. तो स्वतः वर गेला आणि म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत वाट मुलांना दिली आहे." प्राचार्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग मी फोनवर बोलतो." संध्याकाळी रांग संपली तेव्हा दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या हातात अर्ज पोचल्याची पावती होती.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. भारसंतुलनाचे गणित यंत्र करते, पण रस्ता अरुंद झाला की आधी कुणाला सोडायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. आणि ते शक्यतो आधी ठरवून ठेवावे. त्या दिवशी तेथे एक निर्भय तरुण आणि एक समंजस प्राचार्य होते. दर वेळी तसे असतीलच, असा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी पेटीला नवे शिक्षण मिळाले. हाक आता जवळच्या ठाण्याला मारायची नाही, लांबच्या ठिकाणांना मारायची, आणि तीही त्या-त्या तारेतूनच. लांबचे एकच ठिकाण नेमले तर ते बिचारे स्वतः आजारी पडले की आपली धडधाकट तार मेलेली ठरते. म्हणून तीन ठिकाणे नेमली, आणि तिन्हींकडून काही वेळा लागोपाठ उत्तर आले नाही तरच तार बाद. परत घेतानाही घाई नाही. एक 'ओ' ऐकू आली की लगेच भार टाकायचा, पुन्हा ती गप्प झाली की काढायचा, असे झोके सुरू झाले म्हणजे दोन्हीकडची कामे तुटत राहतात. तापातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला पाठवू नये, तसे हे.

याहून मोठा धडा मात्र राउटरच्या बाहेरचा आहे. दोन घाट असले तरी मुंबईहून निघालेली गाडी कल्याणपर्यंत एकाच वाटेने जाते, आणि तिथून एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे वळतो. कल्याणच्या अलीकडे रूळ पाण्याखाली गेले तर पुढचे दोन घाट असून नसल्यासारखेच. आपल्या दोन कंपन्यांच्या तारांचेही तसेच असू शकते. बिले दोन, नावे दोन, पण इमारतीत शिरताना दोन्ही तारा एकाच नळीतून येतात, आणि रस्ता खोदणारा एकाच घावात दोन्ही तोडतो. हे फक्त गल्लीत घडते असे नव्हे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल एकाच दिवशी निकामी झाल्या आणि इकडे भारतातले इंटरनेट मंदावले. दोन्ही केबल निरनिराळ्या होत्या, पण समुद्र तोच आणि किनारा तोच. ज्यांनी पूर्वेकडची वाट राखून ठेवली होती त्यांनी आपली वाहतूक तिकडून वळवली. आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा ज्यांच्या राउटरला बॅटरीचा आधार नव्हता, त्यांच्या दोन तारांचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरताच उरला. दोन वाटा आणि विजेचे बटण एक, ही कावड नव्हेच; हे एका खुंटीवर टांगलेले ओझे.

तेव्हा ज्यांच्या घरी किंवा कचेरीत दोन जोडण्या आहेत, किंवा घ्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कंपन्या दोन असाव्यातच, पण जाती दोन असतील तर अधिक बरे. एक जमिनीतून किंवा खांबावरून येणारी तार, आणि दुसरी हवेतून येणारी मोबाइलची. तार बसवायला माणूस आला की त्याला चहा द्यावा आणि ती इमारतीत कुठून शिरते ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. दोन्ही जोडण्या पेलणारा राउटर घ्यावा, आणि त्यात वजने तारांच्या खऱ्या ताकदीप्रमाणे भरावीत, जाहिरातीतल्या आकड्यांप्रमाणे नव्हे. जोडणीवर महिन्याच्या वापराची मर्यादा असेल तर तिचे वजन आणखी उतरवावे. बँक आणि परीक्षा यांची वाट नेमून द्यावी.

आणखी एक बारकी गोष्ट. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारा एक मुनीम असतो. तो जर पहिल्याच कंपनीचा नेमलेला असेल, तर ती कंपनी बंद पडल्यावर तो दुसऱ्या तारेने आलेल्या प्रश्नाला उत्तर देईलच असे नाही. मग दुसरी तार ठणठणीत असूनही कुठलेच पान उघडत नाही, आणि घरातले सगळे चांगल्या तारेलाच शिव्या देतात. म्हणून मुनीम दोन्ही वाटांनी भेटणारा असावा.

दिवाळीची झाडलोट चालूच आहे. आकाशकंदिलाची वायर, माळेतले दिवे आपण लावण्यापूर्वी तपासून घेतोच. त्याच हाताने एक करावे. फराळाची ताटे मांडलेली असताना, कुणाचे फार महत्त्वाचे काम चालू नाही असे पाहून, राउटरमागची मोठी तार हळूच काढावी आणि पाच मिनिटे थांबावे. मग ती लावून दुसरी काढावी. चालू कामाला पहिल्या क्षणी एखादा हिसका बसेल, तो बसू द्यावा. पण त्यानंतर आतल्या खोलीतून 'काय झालं हो नेटला?' अशी आरोळी आली नाही, तर कावड खांद्यावर नीट बसली आहे असे समजावे, आणि निश्चिंतपणे दुसरी चकली उचलावी.